एस कॉम्बॅट ७ आता घेण्यात अर्थ आहे का? सिम्युलेटर नकोय, पण विमान उडवतोय असं वाटायला हवं

निळा_पट्टा

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. फायटर जेटचा एखादा गेम घ्यायचा विचार बरेच दिवस चाललाय आणि फिरून फिरून एस कॉम्बॅट ७ वरच येऊन थांबतोय. विमानांचं वेड लहानपणापासून आहे, पण सिम्युलेटर शिकायला लागणारा वेळ माझ्याकडे नाहीये, रात्री जेमतेम तासभर मिळतो आणि त्या तासात इंजिन चालू करायची चेकलिस्ट वाचत बसायची इच्छा नाही.

माझी शंका अशी की ट्रेलरमध्ये एकेका विमानातून डझनावारी मिसाइलं सुटताना दिसतात. मग खेळताना तेच ते होणार नाही का, म्हणजे लॉक झालं (मिसाइलने लक्ष्य पकडलं), बटण दाबलं, स्फोट झाला, पुढचा? दोन संध्याकाळी मजा येईल आणि मग कंटाळा, अशी भीती वाटते.

बाकी माहिती : पीसी थोडा जुना आहे, जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड आहे त्यात. जॉयस्टिक नाही आणि घ्यायचीही नाही, साधा गेमपॅड आहे. ऑनलाइन खेळत नाही. आधीचा कुठलाच भाग खेळलेलो नाही. प्रोजेक्ट विंगमन पण बघितलाय, तो याच्यापेक्षा बरा असं काही जण म्हणतात. कुठला घेऊ? की दोन्ही राहू देऊ?


मध्यरात्र_७

घ्या. गेमपॅड, एकट्याने खेळणं, रोजचा एक तास, तुमचं वर्णन या गेमला अगदी फिट बसतंय. मिशनं साधारण पंधरा मिनिटं ते अर्धा तास अशी असतात, म्हणजे एका बैठकीत एखाद दुसरं आरामात होतं. जीटीएक्स १०६० तर त्यांच्या रेकमेंडेड यादीतच आहे, त्यामुळे पीसीची काळजी सोडा, फक्त डिस्कवर पन्नास जीबीच्या आसपास जागा ठेवा.


काटकोन

मिसाइलच्या शंकेबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण हा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि उत्तर म्हणून नुसतं "खेळून बघा" असं सांगतात.

हो, मिसाइलं भरपूर आहेत. खऱ्या एफ-२२ च्या पोटात हवेतल्या लढाईसाठी आठ मिसाइलं बसतात, इथे तुमच्याकडे कित्येक डझन असतात. पण संख्या भरपूर असली तरी लागत सगळी नाहीत, आणि सगळा खेळ तिथेच आहे. साधं मिसाइल लॉक झालं म्हणून लागेलच असं नाही. समोरासमोर येणाऱ्या विमानावर सोडलं तर बहुतेक वेळा बाजूने निघून जातं, वळणाऱ्या विमानावर आडव्या कोनातून सोडलं तरी तेच, ते मिसाइल वळायला लागतं पण त्याची वळायची क्षमता संपते. लागतं कधी, तर तुम्ही त्याच्या मागे आहात, अंतर कमी आहे आणि तो जिकडे वळतोय तिकडेच तुमचंही नाक आहे तेव्हा. आणि साध्या मिसाइलची एक जोडी सोडली की पुढची तयार व्हायला काही सेकंद जातात, तेवढ्यात तो वळून निघून गेलेला असतो किंवा त्याचा जोडीदार तुमच्या पाठीवर बसलेला असतो. म्हणजे बटण दाबणं सोपं आहे, बटण दाबण्याच्या जागेवर पोचणं हे काम आहे.

आणि त्या जागेवर पोचायला जे लागतं ते बऱ्यापैकी खरं आहे. वेगाचं आणि वळणाचं नातं बघा, तेवढ्याच जी मध्ये, म्हणजे वळताना अंगावर येणारा जोर तेवढाच ठेवून, वेग दुप्पट केला तर वळणाची त्रिज्या चौपट होते, हे खऱ्या विमानाचं गणित आहे. गेम ते काटेकोर पाळत नाही पण त्याची जाणीव मात्र देतो. नवीन माणूस काय करतो, शत्रू दिसला की पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबून त्याच्याकडे धावतो आणि मग त्याच्या भोवती मोठ्ठा गोल मारत राहतो, तो काही हाती येत नाही. थोड्या वेळाने हाताला समजायला लागतं की आता वेग सोडला पाहिजे, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकत्र दाबून हाय-जी टर्न घेतला पाहिजे, पण तो घेतला की वेग झपाट्याने उतरतो आणि मग तुम्हीच हवेत लटकलेले सोपे लक्ष्य होता. केव्हा वेग खर्च करायचा आणि केव्हा साठवायचा, हा निर्णय दर काही सेकंदांनी करावा लागतो. आर्केड गेमने बाकीचं सगळं काढून टाकलंय, रडारचे मोड नाहीत, इंधनाची काळजी नाही, पण ही कोनांची आणि वेगाची लढाई ठेवलीये. मला तरी फायटर जेटमधला सगळ्यात रंगतदार भाग तोच वाटतो.

त्यात ढग. या भागात ढग नुसते शोभेचे नाहीत. आत शिरलात की तुमच्या मागे लागलेल्या मिसाइलचा माग तुटू शकतो, पण तुमचाही लॉक जातो, काचेवर बर्फ धरायला लागतं, जास्त वेळ थांबलात तर विमान जड होऊन स्टॉलकडे, म्हणजे पंखांची उचल संपून पडण्याकडे, जातं. सातवं मिशन वादळात आहे, तिथे वीज पडली की समोरचा सगळा डिस्प्ले विस्कटतो आणि काही सेकंद आडवं कुठे उभं कुठे तेच कळत नाही, त्यात एक असा पायलट भेटतो की तोवर तुम्ही जे शिकलात ते सगळं अपुरं पडतं. पुढे वाळूच्या वादळातलं एक मिशन आहे, रात्री दरीतून अगदी खालून सरपटत जायचं एक आहे. वीस मिशनं आहेत आणि बहुतेकांत काहीतरी एक वेगळी अडचण टाकलेली आहे, त्यामुळे "लॉक, बटण, पुढचा" असं फक्त पहिल्या दोन तीन मिशनांत वाटतं.

एकच अट सांगतो. ही वीस मिशनं एकदा खेळून संपवणारे असाल तर दहा पंधरा तासांत संपेल आणि कदाचित वाटेल की एवढंच? या गेमची खरी किंमत वसूल होते ती दुसऱ्यांदा खेळताना, वरच्या डिफिकल्टीवर, वेगळं विमान घेऊन. पहिल्यांदा ज्या मिशनमध्ये घाम फुटला तेच दुसऱ्यांदा तुम्ही एस रँकसाठी, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीसाठी, खेळता आणि तेव्हा लक्षात येतं हात किती बदललाय ते. ज्यांना एकदा बघितलेली गोष्ट परत नको असते त्यांनी पूर्ण किमतीत घेऊ नये.


उत्तर_वारा

मी मुख्यतः डीसीएस हा कडक फ्लाइट सिम्युलेटर खेळतो, म्हणजे अगदी दुसऱ्या टोकाचा माणूस, पण एस कॉम्बॅट ७ पण माझ्याकडे आहे आणि मी तो आवडीने खेळतो. काटकोन यांनी लिहिलंय ते पटलं, फक्त अपेक्षा नीट असाव्यात म्हणून थोडं उलट बाजूने सांगतो.

इथे काय मिळणार नाही : कॉकपिटमधलं एकही बटण दाबता येत नाही. पल्ल्यापलीकडची लढाई, म्हणजे पन्नास साठ किलोमीटरवरून रडारवर शोधायचं, मिसाइल सोडायचं, वळून निघायचं आणि मिसाइल लागेल की नाही याचा अंदाज घेत राहायचं, आजची खरी हवाई लढाई बरीचशी अशी आहे आणि एस कॉम्बॅटमध्ये ती जवळजवळ नाहीच, लांब पल्ल्याची खास मिसाइलं आहेत पण लढाई सगळी डोळ्यासमोरच होते. विमानांमधला फरकही वरवरचा आहे, वेग, वळण, टणकपणा असे आकडे बदलतात, पण एफ-१४ आणि राफेल उडवताना पायलटचं काम जितकं वेगळं असायला हवं तितकं नाही. आणि विमान कोसळवणं तसं अवघड आहे, स्टॉल झालं तर नाक खाली करून वेग येऊ द्या, झालं.

मग मी का खेळतो? कारण डीसीएसमध्ये एका विमानावर हात बसायला मला महिने गेले आणि तरी एका संध्याकाळी एकच चकमक होते, कधी कधी तीही होत नाही, नुसतं उडून परत. एस कॉम्बॅटमध्ये त्या चकमकीचा शेवटचा मिनिटभर, तोच सलग अर्धा तास मिळतो. दोन्हींची भूक वेगळी. तुमच्याकडे तासभरच आहे आणि चेकलिस्ट नकोय असं तुम्ही स्वतःच म्हणताय, मग सिम्युलेटरवाल्यांनी "खरा गेम घे" म्हटलं तरी लक्ष देऊ नका. तरी कधी चव घ्यावीशी वाटलीच तर डीसीएसचा मूळ गेम फुकट आहे, त्यात सु-२५टी हे विमान येतं, पण गेमपॅडवर ते करायला जाऊ नका, उगाच मन खट्टू होईल.


पाणथळ

मी जरा वेगळं सांगणार. मी हा गेम पूर्ण केलाय आणि पूर्ण किमतीत घ्या असं नाही म्हणणार. सेलमध्ये घ्या, तो बऱ्याचदा लागतो.

कारणं. एक तर वेळेची मर्यादा. बऱ्याच मिशनांत घड्याळ चालू असतं आणि काहींत ठराविक वेळात ठराविक गुण मिळवायचे असतात. सहावं मिशन, लाँग डे, हे त्याचं टोक आहे, तिथे शत्रू पाडण्यापेक्षा कुठल्या ठिकाणी आधी गेलं तर गुण जास्त हेच डोक्यात चालतं, आणि वेळ संपला की अपयश. पहिल्यांदा खेळणाऱ्याला नकाशा माहीत नसतो, मग तो हरतो, मग तेच परत, आणि यावेळी फक्त ठिकाणं पाठ झाल्यामुळे जिंकतो. मला हे डिझाइन आवडत नाही. आकाशात मोकळं सोडलंय म्हणायचं आणि मनगटाला घड्याळ बांधायचं.

दुसरं, ड्रोन. कथेचा विषयच माणूस विरुद्ध ड्रोन असा आहे त्यामुळे ते येणारच, पण शेवटाकडे ड्रोनचे थवे अंगावर येतात, ती इतकी झपाझप वळतात की त्यांच्या मागे बसण्याची जी मजा काटकोन सांगतायत ती राहत नाही, खास मिसाइलं सोडत सुटायचं एवढंच उरतं.

तिसरं म्हणजे रेडिओ. लढाई चालू असताना सतत कुणीतरी बोलत असतं, कथेचे महत्त्वाचे धागे त्या बोलण्यात असतात, आणि सबटायटल वाचायला खाली बघितलं की समोर डोंगर. इंग्रजी आवाज कानाने सहज पकडता येत असतील तर प्रश्न नाही, नाहीतर अर्धी कथा निसटते.

चांगलं काय ते पण सांगतो, अन्याय नको. संगीत अप्रतिम आहे, केइकी कोबायाशी यांचं आहे, शेवटच्या काही मिशनांत गाण्याच्या लयीवर लढाई वाढत जाते ते मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये अनुभवलेलं नाही. आणि दिसायला आजही कुठेच जुना वाटत नाही, २०१९ चा आहे हे सांगावं लागतं.


निळा_पट्टा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नेमकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काटकोन, तुमचं कोनांचं वर्णन वाचून शंका बरीच मिटली. परत खेळायला मला आवडतं, गाड्यांच्या गेममध्ये पण मी एकच ट्रॅक सेकंदा सेकंदाने सुधारत बसतो, त्यामुळे ती अट मला अडचण नाही वाटत.

पाणथळ यांनी सांगितलेल्या घड्याळाने मात्र विचारात पाडलंय. मिशन हरलं की सगळं पहिल्यापासून का? मध्ये सेव्ह होतं का? आणि आधीच्या भागांची कथा माहीत नसेल तर चालेल का? अजून एक, मला वेगाने फिरणाऱ्या कॅमेऱ्याचा कधी कधी त्रास होतो, थोडी चक्कर येते, त्याचं काय?

प्रोजेक्ट विंगमनबद्दल पण कुणीतरी सांगा की.


मध्यरात्र_७

चेकपॉइंट आहेत. मिशनच्या मध्ये ठराविक टप्प्यावर आपोआप होतात आणि पडलात तर तिथून सुरू करता येतं. पण गेमच बंद करून झोपायला गेलात तर दुसऱ्या दिवशी ते मिशन पहिल्यापासून. म्हणून झोपायला वीस मिनिटं राहिली असतील तर नवीन मिशन सुरू करू नका, जुनं एखादं फ्री मिशनमध्ये खेळा, त्याचे पण पॉइंट मिळतात.

कथा चालेल. जग काल्पनिक आहे, ओसिया आणि एरुसिया हे देश लढतायत, तुम्ही ट्रिगर नावाचे पायलट, जो स्वतः एक शब्द बोलत नाही. जुन्या भागांचे, विशेषतः २००१ च्या एस कॉम्बॅट ०४ चे संदर्भ येतात, एका मोठ्या तोफेचा तर चांगलाच येतो, पण ते माहीत नसलं तरी काही अडत नाही. मी पण सातव्यापासूनच सुरू केलं.


काटकोन

चक्कर येण्याबद्दल. कॅमेऱ्याचे तीन प्रकार आहेत, मागून विमान दिसणारा, कॉकपिटमधला आणि नुसती काच म्हणजे फक्त हेड-अप डिस्प्ले. तुम्ही मागून दिसणाऱ्याने सुरू करा, त्यात डोळ्याला धरायला विमान समोर असतं त्यामुळे त्रास कमी होतो. आणि लक्ष्य बदलायचं जे बटण आहे ते दाबून धरलं की कॅमेरा शत्रूकडे वळून राहतो, लढाईत हे फार उपयोगी आहे, कारण तो वर गेला की खाली हे कळतं, पण सुरुवातीला त्याच्यानेच गरगरायला होतं. एक दोन सेकंद धरायचं, दिशा बघायची, सोडायचं. सतत धरून ठेवून उडवू नका.

कंट्रोलबद्दल सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्यांदाच विचारतो की सोपा प्रकार हवा की अवघड. सोप्या प्रकारात काठी डावीकडे केली की विमान स्वतःच तिरकं होऊन डावीकडे वळतं. दुसऱ्यात काठी डावीकडे म्हणजे फक्त रोल, मग काठी ओढून वळायचं, जसं खऱ्या विमानात असतं. पहिल्या दिवसापासून दुसराच घ्या. अर्धा तास हात चुकतील, पण सोप्या प्रकारात विमान उलटं करून खाली ओढ घेता येत नाही, आणि तीच चाल लढाईत सारखी लागते. आर्केड आहे म्हणून सोपा कंट्रोल घेतात आणि मग म्हणतात विमान बससारखं वळतं.

पोस्ट-स्टॉल मॅन्युव्हर, म्हणजे कोब्रा वगैरे, तो नंतर शिका. वेग खूप खाली आणून ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर आणि काठी एकदम, मग विमान हवेत नाक वर करून उभं राहतं. दिसायला जबरदस्त, पण वेग सगळा जातो, आणि कॅम्पेनमध्ये त्याच्याशिवाय काही अडत नाही.


चौथा_पंखा

प्रोजेक्ट विंगमनसाठी मी आलो. दोन्ही खेळलोय आणि दोन्ही आवडतात, त्यामुळे भांडण लावायला नाही.

विंगमन २०२० च्या डिसेंबरमध्ये पीसीवर आला, सेक्टर डी२ नावाच्या अगदी छोट्या टीमने केलेला, आणि त्यांनी एस कॉम्बॅटवरचं प्रेम कुठेही लपवलेलं नाही. फरक असे. एक, आकाशात गर्दी फार जास्त, एका वेळी इतकी विमानं आणि जहाजं की एस कॉम्बॅट त्यापुढे शांत वाटतं. दोन, एका विमानावर एकापेक्षा जास्त प्रकारची खास शस्त्रं नेता येतात, एस कॉम्बॅटमध्ये एका मिशनला खास शस्त्र एकच निवडायचं असतं. तीन, कॅम्पेनशिवाय कॉन्क्वेस्ट म्हणून एक मोड आहे, नकाशावर एकेक प्रदेश घेत जायचं, दर वेळी लढाई जड होत जाते, आणि हरलात की मोहीम नव्याने. परत परत खेळायला आवडणाऱ्याला तो मोड खूप दिवस पुरतो. चार, पीसीवर व्हीआर (डोळ्यांवर लावायचा हेडसेट) असेल तर अख्खं कॅम्पेन त्यात खेळता येतं, एस कॉम्बॅट ७ मध्ये व्हीआरची फक्त तीन मिशनं आहेत आणि ती पण प्लेस्टेशन ४ वरच. पाच, जॉयस्टिक वगैरे कसल्याही चालतात, पण तुम्हाला त्याचा उपयोग नाही. एस कॉम्बॅट मात्र पीसीवर जॉयस्टिकच्या बाबतीत हट्टी आहे, मोजकीच मॉडेल्स नीट ओळखतो, हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी.

कुठे कमी पडतो? विमानांची नावं खरी नाहीत, एफ/सी-१६ अशा धर्तीची आहेत, ओळखू येतात पण विमानांचं वेड असलेल्याला थोडं खटकतं. एस कॉम्बॅटमध्ये एफ-१६सी, सु-५७, मिराज २०००-५, ग्रिपेन, मिग-२१बिस अशी खरी विमानं खऱ्या नावांनी आहेत आणि हँगरमध्ये ती बघत बसण्यात पण वेळ छान जातो. दुसरं म्हणजे मिशनांची मांडणी, विंगमनमध्ये बहुतेक मिशनं "आलेलं सगळं पाडा" अशीच असतात. पाणथळ यांना जे घड्याळ आवडत नाही ते विंगमनमध्ये फारसं नाही, पण ती वेगवेगळी अडचण पण नाही. ढग छान दिसतात पण त्यांचा लढाईवर एस कॉम्बॅटइतका परिणाम नाही.

माझं मत, आधी एस कॉम्बॅट ७, आणि तो संपवल्यावर भूक राहिली तर विंगमन. उलट्या क्रमाने केलं तर एस कॉम्बॅटमधली मोकळीक कमी वाटते.


पाणथळ

चौथा_पंखा यांच्या क्रमाशी मी पण सहमत. फक्त डीएलसी, म्हणजे वेगळे पैसे देऊन घ्यायची जादा भर, आत्ता घेऊ नका. तीन जादा मिशनांचा संच आहे तो खरंच चांगला आहे, माझ्या मते मूळ गेममधल्या बऱ्याच मिशनांपेक्षा सरस, पण तो कॅम्पेननंतर. नुसत्या विमानांच्या डीएलसी तर अजिबात नको. ती विमानं इतकी ताकदवान आहेत की सुरुवातीलाच घेतली तर मिशनांमधली अडचणच संपते, मग उगाच म्हणाल गेम सोपा आहे.


रिकामा_रनवे

ऑनलाइनचा विषय निघाला नाही म्हणून दोन ओळी, तुम्हाला नको असला तरी दुसऱ्या कुणाला लागेल. जास्तीत जास्त आठ जण, एकटे किंवा चार विरुद्ध चार, बस्स. वेगवेगळ्या कन्सोलवाले आणि पीसीवाले एकत्र खेळू शकत नाहीत, आणि आता खोल्यांमध्ये गर्दी बरीच कमी झालीये. जे उरलेत ते फार मुरलेले आहेत. निव्वळ ऑनलाइनसाठी आज कुणी विचारलं तर मी नको म्हणेन. दोघांनी मिळून कॅम्पेन खेळायची सोय तर नाहीच, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, सोबतीची विमानं असतात पण ती कॉम्प्युटरची, आणि ती फारशी कामाला येत नाहीत.

आणि आठवा भाग २०२५ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालाय म्हणून थांबावं का असं विचारणार असाल तर थांबू नका. १०६० वर तो कसा चालेल हा प्रश्नच आहे.


उत्तर_वारा

विमान घेण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. गेममध्ये पॉइंट मिळतात आणि त्यातूनच विमानं, खास शस्त्रं आणि सुटे भाग सगळं घ्यायचं असतं, एका फांद्या फांद्यांच्या झाडावर. पहिल्या वेळी सगळं झाड मिळत नाही. सुरुवातीला मिळतं ते एफ-१६सी बरंच पुढपर्यंत पुरतं, हवेत आणि जमिनीवर दोन्हीकडे ठीक. नवे लोक दर मिशननंतर नवीन विमान घेतात आणि पॉइंट उधळतात. एक फांदी पकडा, तिच्या टोकाला जे विमान आवडतं तिकडे चालत राहा, आणि मध्ये जमिनीवरच्या लक्ष्यांसाठी ए-१०सी घेऊन ठेवा, हवेतल्या लढाईत ते मंद आहे पण रणगाडे आणि तळ फोडायला त्याच्यासारखं दुसरं नाही.


निळा_पट्टा

घेतला मंडळी. सेल लागला होता, लगेच घेतला, डीएलसी नाही घेतल्या.

कंट्रोल अवघड प्रकारचाच ठेवला. पहिल्या मिशनला सारखं जमिनीकडे जात होतो पण दुसऱ्यापासून जमायला लागलं, आणि काल पहिल्यांदा असं झालं की एक विमान वर चढत होतं, मी रोल करून उलटा झालो, ओढ घेतली आणि बरोबर त्याच्या मागे उतरलो. तेव्हा काटकोन काय म्हणतायत ते कळलं. मिसाइल सोडायचंच विसरलो त्या आनंदात, मग तोफेनेच पाडलं. मागून दिसणाऱ्या कॅमेऱ्यात चक्कर अजिबात येत नाहीये.

चौथ्या मिशनच्या शेवटी जे होतं ते बघून सुन्न झालो, इथे लिहीत नाही, ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी. रेडिओचं पाणथळ म्हणतात ते खरं आहे, खूप निसटतं, पण कैद्यांच्या तुकडीतली ती लोकं मला आवडायला लागलीयेत.

आता सहाव्यावर अडकलोय, तेच लाँग डे. गुण अर्ध्याच्या थोडे पुढे जातात आणि वेळ संपतो. नॉर्मलवर खेळतोय, डिफिकल्टी कमी करायची नाहीये. एफ-१६सीच आहे, हवेतली चार लक्ष्यं एकदम लॉक करणारी मिसाइलं लावलीयेत.


पाणथळ

मिसाइलं बदला, ती चार लक्ष्यांवाली या मिशनला नकोतच. इथे गुण जमिनीवर आहेत. जमिनीवर मारणारं खास शस्त्र लावा. आणि सुरू झाल्या झाल्या नकाशा मोठा करून बघा, ठिपके जिथे दाटीने आहेत तिथे जा, एकट्या दुकट्या ठिपक्यासाठी लांब उडत जाऊ नका, जाण्यायेण्यातच घड्याळ संपतं.


काटकोन

त्याच्यात एवढंच घाला की एका तळावरून गेलात की सरळ पुढे निघून मोठं वळण घेऊ नका. जाताना आधीच ब्रेक धरून हळू व्हा, म्हणजे एका फेरीत जास्त लक्ष्यं मारता येतील, आणि तळ ओलांडला की लगेच हाय-जी टर्न घेऊन उलटे फिरा. इथे मागून कुणी मिसाइल मारलं तरी अलर्ट वाजल्यावर शांतपणे ते जवळ येऊ द्यायचं आणि शेवटच्या क्षणी आडवं वळायचं, लगेच पळायला लागलात तर तळापासून लांब जाता. शत्रूची विमानं तुमच्याच वाटेत आली तरच पाडा. साधी मिसाइलं जमिनीवर पण चालतात, ती जपून ठेवू नका, एवढ्या वेळात तुमच्याकडून ती संपणार नाहीत.


निळा_पट्टा

झालं! घड्याळात काही सेकंद उरले होते. जमिनीवरचं शस्त्र लावलं आणि तळावरून हळू गेलो, त्यानेच सगळा फरक पडला. आता सातवं, ते वादळातलं. त्याला कुठलं शस्त्र लावू?


काटकोन

हवेतलं लावा, चार लक्ष्यांवालंच चालेल, सुरुवातीच्या ड्रोनना उपयोगी पडेल. ढगात कमीत कमी थांबा. आणि नंतर जो पायलट येतो त्याच्या मागे हट्टाने लागू नका, तो तुम्हाला ढगात आणि विजेत ओढत नेतो. त्याच्यापासून जिवंत राहा, बाकीचं मिशन बघून घेईल.